डिव्हाइस ट्रीचं बाइंडिंग लिहिताना: एका ओळीचे दोन अर्थ कसे शोधायचे आणि एक कसा खोडायचा

मी एका बोर्डाची डिव्हाइस ट्री लिहीत होतो, म्हणजे बोर्डावर काय काय बसवलंय हे लिनक्स कर्नलला सांगणारी फाइल. त्यात यूआर्टचा (सिरीयल पोर्टचा) इंटरप्ट द्यायचा होता, म्हणजे उपकरण प्रोसेसरला ज्या ओळीवरून हाक मारतं तिचा क्रमांक. चिपच्या मॅन्युअलमधल्या तक्त्यात लिहिलं होतं: यूआर्ट, इंटरप्ट ५७. बोर्डासोबत आलेल्या टिपणात लिहिलं होतं: ‘दुसऱ्या सेलमध्ये इंटरप्ट क्रमांक द्यावा.’ सेल म्हणजे नोंदीतला ३२ बिटांचा एकेक आकडा. मी ५७ दिला. फाइल कंपाइल झाली, कर्नल बूट झाला, ड्रायव्हरही बिनतक्रार लोड झाला. फक्त किती इंटरप्ट आले ते दाखवणाऱ्या प्रॉक-इंटरप्ट्स या फाइलमध्ये त्या ओळीपुढचा आकडा शून्यावरून हलेना. दोन दिवस मी केबल बदलली, बॉड रेट बदलला, बोर्डसुद्धा बदलून पाहिला. उत्तर होतं २५.

आर्मच्या जीआयसी या इंटरप्ट कंट्रोलरमध्ये सामायिक इंटरप्टांचे हार्डवेअर क्रमांक ३२ पासून सुरू होतात. डिव्हाइस ट्रीत मात्र तेच इंटरप्ट शून्यापासून मोजतात. ५७ वजा ३२, म्हणजे २५. मॅन्युअल बरोबर होतं, टिपणही बरोबर होतं, आणि दोन्ही वाचून मी चुकलो. ‘इंटरप्ट क्रमांक’ या दोन शब्दांचे दोन अर्थ निघत होते आणि त्यातला एक कुणी खोडलेला नव्हता. शुद्धलेखन, मांडणी, सुबक तक्ते वगैरे पुढचं पुढे. हार्डवेअरच्या वर्णनाचा दस्तऐवज स्पष्ट करायचा म्हणजे मुख्यतः ही खोडाखोड करायची. ती कशी करावी ते आता पाहू.

लिहिण्याची एक अडचण आधी सांगतो. प्रॉपर्टींची आणि आज्ञांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन लिपीत टाइप करायची, बहुतेक लहान अक्षरांत; काही नावांत मात्र मोठी अक्षरंही असतात.

कुठला कागद दुरुस्त करायचाय?

डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावर काय काय बसवलंय याची झाडासारखी मांडलेली यादी. तिच्यातली एकेका उपकरणाची नोंद म्हणजे नोड, आणि नोडमधली नाव-किंमत अशी एकेक ओळ म्हणजे प्रॉपर्टी. पीसीआय किंवा यूएसबीवरचं उपकरण स्वतःची ओळख सांगतं. आय-टू-सीवरचा (चिपा जोडणाऱ्या दोन तारांच्या बसवरचा) सेन्सर किंवा चिपच्या पोटातला यूआर्ट ती सांगत नाही, म्हणून कुणीतरी कर्नलला सांगावं लागतं. ही कल्पना ओपन फर्मवेअर या, यंत्र सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरमधली. १९९४ च्या आयईईई १२७५ या मानकात ती आली आणि सन, ॲपल यांच्या यंत्रांत वापरली गेली. पुढे पॉवरपीसी लिनक्ससाठी तिचं सपाट बायनरी रूप तयार झालं, २००८ साली ईपीएपीआर हा दस्तऐवज आला आणि २०१६ पासून ‘डिव्हाइसट्री स्पेसिफिकेशन’ या नावाने ते काम चालू आहे. आवृत्ती ०.४ ही २०२३ ची. आर्मच्या बाजूला २०११ नंतर, बोर्डागणिक वाढत चाललेल्या सी फाइलींना कंटाळून, सगळे याच वाटेला लागले.

कागद तीन थरांचे असतात आणि दुरुस्ती कुठल्या थरात करायची हे आधी ठरवावं लागतं. सर्वांत वर स्पेसिफिकेशन: नोड म्हणजे काय, सेल म्हणजे काय, कुठलं नाव किती अक्षरांचं. त्याखाली बाइंडिंग: अमुक एका चिपच्या नोडमध्ये कुठल्या प्रॉपर्टी असाव्यात आणि त्यांचा अर्थ काय. तळाला प्रत्यक्ष बोर्डाची डीटीएस फाइल, म्हणजे मजकूर रूपातली डिव्हाइस ट्री, आणि तिच्यातल्या टिपा. पुष्कळ जण बाइंडिंगमधली संदिग्धता डीटीएसमध्ये टीप लिहून झाकतात. त्याने तुमचा बोर्ड चालतो, पण पुढच्या बोर्डवाला पुन्हा त्याच खड्ड्यात पडतो.

पेन्सिल कुठे थांबते ते बघा

दस्तऐवज पहिल्या ओळीपासून वाचत सुधारायला बसू नका. तुम्हाला विषय माहीत असतो, त्यामुळे डोळे गाळलेल्या जागा आपोआप भरत जातात. त्यापेक्षा टीममधल्या नव्या मुलाला किंवा मुलीला ते बाइंडिंग द्या, चिपचं डेटाशीट द्या आणि कागदावर हाताने नोड लिहायला सांगा. संगणक नको. संगणक असला की लोक शेजारच्या बोर्डाची फाइल उघडून कॉपी करतात आणि दस्तऐवजाची परीक्षाच होत नाही.

शेजारी बसा, बोलू नका. पेन्सिल जिथे थांबेल तिथे खूण करा. एखाद्या जागी पेन्सिल न थांबता चुकीचं लिहिलं गेलं तर तिथे दोन खुणा करा, कारण तिथे वाचणाऱ्याला शंकाच आली नाही. माझा ५७ असाच लिहिला गेला होता.

या खुणांची यादी हाच तुमचा कामाचा आराखडा. माझ्या अनुभवात बहुतेक खुणा तीन प्रश्नांभोवती जमतात: हे वाक्य कुणाला उद्देशून आहे, हा आकडा कुठून मोजलाय, आणि ही प्रॉपर्टी लिहिलीच नाही तर काय होतं.

वाक्य कुणाला उद्देशून आहे?

याचं उत्तम उदाहरण खुद्द स्पेसिफिकेशनमध्येच आहे. पत्ता आणि आकार किती सेलांत लिहायचा हे सांगणाऱ्या ‘#ॲड्रेस-सेल्स’ आणि ‘#साइझ-सेल्स’ या दोन प्रॉपर्टींबद्दल तिथे म्हटलंय की त्या वरच्या नोडकडून वारशाने येत नाहीत, त्या स्पष्टपणे लिहिल्याच पाहिजेत. आणि लगेच पुढे असंही आहे की त्या नसतील तर पहिलीची किंमत २ आणि दुसरीची १ धरावी. नवखा माणूस इथे हमखास अडतो. लिहिल्याच पाहिजेत म्हणता, मग नसतील तर काय धरायचं हे कशाला सांगता?

दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण ऐकणारे वेगळे आहेत. पहिलं वाक्य डीटीएस लिहिणाऱ्या माणसाला आहे: बाबा रे, लिहीच. दुसरं वाक्य ती फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामला आहे, म्हणजे कर्नलला किंवा कर्नल सुरू करणाऱ्या बूटलोडरला: कुणी लिहायचं विसरलं तर तू असं धर. हे कळलं की विरोध उरत नाही.

म्हणून प्रत्येक नियमाच्या वाक्याला कर्ता द्या. ‘किंमत २ धरली जाते’ असं कर्मणी लिहू नका. कोण धरतं ते लिहा. मराठीत टिपण लिहिताना ही खोड फार लागते, कारण सरकारी परिपत्रकं वाचून आपली भाषा ‘करण्यात यावे’च्या वळणावर गेलेली असते. ‘देण्यात यावा’ असं वाक्य दिसलं की तिथे थांबून कोणी, हे विचारा.

याच जोडीची दुसरी गोम: ‘#ॲड्रेस-सेल्स’ ज्या नोडमध्ये लिहिलीय त्या नोडच्या स्वतःच्या ‘रेग’ला (उपकरणाचा पत्ता आणि आकार देणाऱ्या प्रॉपर्टीला) ती लागू होत नाही, त्याच्या मुलांच्या ‘रेग’ला होते. स्पेसिफिकेशन हे सांगतं, पण वाचताना निसटतं. तुमच्या बाइंडिंगमध्ये नोडला मुलं असतील तर ‘या नोडच्या मुलांसाठी’ हे शब्द त्या वाक्यात आलेच पाहिजेत. उलट इंटरप्ट कुठल्या कंट्रोलरकडे जातो ते सांगणारी ‘इंटरप्ट-पेरंट’ स्वतःच्या नोडमध्ये नसेल तर लिनक्स झाडावर वर चढत तिचा शोध घेतो. एक प्रॉपर्टी वरून खाली येते, दुसरी येत नाही. म्हणजे अंदाजाने चालणार नाही, प्रत्येक ठिकाणी लिहावंच लागणार.

आकडा कुठून मोजलाय?

खुणांचा सगळ्यात मोठा ढीग इथे सापडतो, म्हणून जरा बैठक मारून पाहू.

आय-टू-सीचे पत्ते घ्या. पत्ता सात बिटांचा असतो. तारेवर जाताना त्याच्या शेवटी वाचायचंय की लिहायचंय हे सांगणारा एक बिट जोडला जातो आणि आठ बिट होतात. काही डेटाशीट सात बिटांचा आकडा देतात, काही आठ बिटांचा. एसएसडी१३०६ चिपचे छोटे ओएलईडी पडदे बाजारात सर्रास मिळतात. त्यातल्या अनेकांच्या पाठीवर हेक्स (म्हणजे सोळाच्या पायात लिहिलेलं) ७८ असं छापलेलं असतं. तो आठ बिटांचा आकडा आहे. डिव्हाइस ट्रीत लिहायचं हेक्स ३सी.

आता गंमत बघा. एचएमसी५८८३एल या चुंबकमापकाच्या डेटाशीटमध्ये लिहिण्याचा पत्ता हेक्स ३सी आणि वाचण्याचा ३डी असा दिलाय. हेही आठ बिटांचे आकडे. खरा सात बिटांचा पत्ता १ई. एखाद्याने डेटाशीट बघून ‘रेग’मध्ये ३सी लिहिलं आणि त्याच बसवर तो ओएलईडी असला, तर होकायंत्राचा ड्रायव्हर पडद्याशी बोलायला लागेल. पडदा प्रत्येक बाइटला होकारही देईल. डीटीसी हा कंपायलर सात बिटांत न मावणाऱ्या पत्त्याला हटकतो, पण ३सी मावतो. तिथे यंत्र काही बोलणार नाही. ते वाक्यानेच सांगावं लागेल.

एलएम७५ या जुन्या तापमान सेन्सरवर सराव करू. समजा टिपणात एवढंच आहे:

‘रेग: सेन्सरचा पत्ता.’

ते असं करा:

‘रेग: सात बिटांचा आय-टू-सी पत्ता. ए२, ए१, ए० या पिनांच्या जोडणीनुसार हेक्स ४८ ते ४एफ. वाचण्या-लिहिण्याचा बिट यात धरू नये. हेक्स ९० दिसलं तर तो आठ बिटांचा आकडा आहे.’

शेवटचं वाक्य माझ्या मते सगळ्यात मोलाचं. बरोबर काय ते सांगून थांबू नका. वाचणाऱ्याच्या हातात असलेला चुकीचा आकडाही नावानिशी सांगा. तो डेटाशीटमध्ये ९० बघूनच तुमच्याकडे आलेला असतो.

तसंच मेमरीच्या पत्त्यांचं. पहिल्या रास्पबेरी पायच्या बीसीएम२८३५ चिपचं मॅन्युअल जीपीआयओचा (सामान्य वापराच्या पिनांचा) पत्ता हेक्स ७ई२००००० देतं. तो बसवरचा पत्ता झाला. प्रोसेसरच्या बाजूने तोच हेक्स २०२००००० ला दिसतो. डिव्हाइस ट्रीत नोडच्या नावात आणि ‘रेग’मध्ये मॅन्युअलमधलाच ७ई वाला आकडा असतो आणि वरच्या नोडमधली ‘रेंजेस’ प्रॉपर्टी हेक्स ७ई०००००० चं हेक्स २००००००० करून देते. ही पद्धत मला आवडते, कारण मॅन्युअल आणि झाड शेजारी ठेवून आकडे ताडता येतात. पण ‘पत्ता’ हा शब्द एकटा वापरला तर तो बसचा की प्रोसेसरचा हे कळणार कसं? कुणाच्या नजरेतून, हे प्रत्येक वेळी जोडा.

एककाचा प्रश्न त्यामानाने सोपा, कारण त्यावर तोडगा ठरलेला आहे: एकक प्रॉपर्टीच्या नावातच घालायचं. व्होल्टेजला शेवटी ‘-मायक्रोव्होल्ट’, वारंवारतेला ‘-एचझेड’, वेळेला ‘-एमएस’ किंवा ‘-यूएस’. ‘डिले’ नावाची प्रॉपर्टी दिसली की समजा कुणीतरी पुढे भांडणार आहे.

आणि जीआयसी? त्याच्या बाइंडिंगमध्ये सामायिक इंटरप्टांची मर्यादा ० ते ९८७ अशी दिलेली आहे. ५७ त्यात आरामात बसतो. मर्यादा दिली म्हणजे आरंभबिंदू दिला, असं होत नाही.

लिहिलंच नाही तर?

प्रॉपर्टी नसण्यालाही अर्थ असतो आणि तो दर वेळी वेगळा असतो. ‘स्टेटस’ नसेल तर उपकरण चालू धरतात, जणू ‘ओके’ लिहिलंय. ‘रेंजेस’चा प्रकार जास्त फसवा. ती रिकामी लिहिली तर मुलांचे आणि पालकाचे पत्ते जसेच्या तसे एक. ती मुळीच नसेल तर दोहोंमध्ये काही नातंच नाही, प्रोसेसर तिथे थेट पोचू शकत नाही. रिकामी आणि गैरहजर, दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी, आणि पडद्यावर फरक एका ओळीचा.

हो-नाही प्रकारच्या प्रॉपर्टींनी मी किती जणांना रडवलेलं पाहिलंय. अशी प्रॉपर्टी नोडमध्ये असली की ‘हो’, नसली की ‘नाही’. किंमत कुणी बघत नाही. एखाद्याला ‘वेकअप-सोर्स’ (उपकरणाने झोपलेलं यंत्र जागं करणं) बंद करायचंय म्हणून तो तिच्यापुढे शून्य लिहितो आणि ती चालूच राहते. बंद करायची तर ओळ काढायची. वरच्या सामायिक फाइलमधून येत असेल तर ‘डिलीट-प्रॉपर्टी’ ही सूचना वापरायची. बाइंडिंगमध्ये ‘हे सत्य असल्यास’ असं लिहू नका. ‘ही प्रॉपर्टी असल्यास’ लिहा. दोन शब्दांचा फरक, पण शून्याचा गोंधळ तिथेच मिटतो.

जे यंत्राला तपासता येतं ते यंत्राला द्या

लिनक्सच्या बाइंडिंग पूर्वी साध्या मजकुराच्या फाइली होत्या. गेली काही वर्षं त्या यामल या ठरावीक मांडणीच्या फाइलींत, जेसन-स्कीमाच्या (कुठली माहिती कशी असावी हे यंत्राला तपासता येईल अशा) नियमांत लिहिल्या जातात. फायदा असा की दस्तऐवजच तपासनीस होतो. जुनी मजकुराची फाइल यामलमध्ये न्यायची वेळ आली तर ती संधी समजा, कारण स्कीमा तुम्हाला मोघम राहूच देत नाही.

फाइलच्या माथ्यावर परवान्याची ओळ, मग ओळखपत्ता, शीर्षक, देखभाल करणाऱ्यांची नावं, वर्णन. त्याखाली ‘प्रॉपर्टीज’, ‘रिक्वायर्ड’, ‘ॲडिशनल-प्रॉपर्टीज’ आणि शेवटी उदाहरण. कर्नलच्या बाइंडिंगच्या फोल्डरमध्ये ‘एक्झाम्पल-स्कीमा’ नावाची टिपांसह नमुना फाइल आहे. तिचीच प्रत घेऊन सुरुवात करा.

‘ॲडिशनल-प्रॉपर्टीज’ला ‘फॉल्स’ द्या, म्हणजे यादीत नसलेली कुठलीही प्रॉपर्टी खपणार नाही. दुसऱ्या सामायिक स्कीमाचा हवाला घेतला असेल तर मात्र तिथे ‘अनइव्हॅल्युएटेड-प्रॉपर्टीज’ लागते. हे दोन्ही उलटसुलट करून पहिल्याच प्रयत्नात चुकणारे आपण एकटे नाही.

वाक्यातला जो भाग नियमात जाऊ शकतो तो तिकडे हलवा. ‘४८ ते ४एफ’ ही मर्यादा ‘मिनिमम’ आणि ‘मॅक्झिमम’ म्हणून लिहिता येते. मग कुणी ९० लिहिलं तर तपासणीतच अडकेल. ‘एक किंवा दोन इंटरप्ट’ हेही तसंच. फक्त पहिला कशाचा आणि दुसरा कशाचा हे क्रमाने नोंदवा. वर्णनासाठी उरतं ते यंत्राला न कळणारं: तापमान मर्यादेबाहेर गेल्याचा इशारा देणारी ओएस पिन ओपन ड्रेन आहे, ती वर खेचायला बोर्डावर रोध लागतो, आणि वेगळं काही ठरवलं नसेल तर इशारा देताना ती खाली जाते. ‘रेग: रजिस्टरचा पत्ता’ असलं वर्णन सरळ काढून टाका. नावातच जे आहे ते पुन्हा कशाला?

उदाहरणाकडे दुर्लक्ष करू नका. लोक बाइंडिंग वाचत नाहीत, उदाहरण कॉपी करतात. एलएम७५ साठी ते असं:

आय२सी {
    #ॲड्रेस-सेल्स = <१>;
    #साइझ-सेल्स = <०>;

    सेन्सर@४८ {
        कॉम्पॅटिबल = "नॅशनल,एलएम७५";
        रेग = <०एक्स४८>;
    };
};

बाहेरचं ‘आय२सी’ कवच का? तपासणीचं साधन तुमचं उदाहरण एका कृत्रिम नोडमध्ये ठेवतं, ज्यात पत्त्याला एक आणि आकाराला एक सेल धरलेला असतो. आय-टू-सीवर आकार नसतो, म्हणून कवचाशिवाय ‘रेग’ची लांबी जुळत नाही आणि भलतीच तक्रार येते. ‘@’ नंतरचा आकडा आणि ‘रेग’मधला पहिला पत्ता एकच हवा. नावात ‘एलएम७५’ न लिहिता नुसतं ‘सेन्सर’ लिहिलंय, कारण नोडचं नाव कामाचं असावं, मॉडेल ‘कॉम्पॅटिबल’मध्ये असतं.

मग ‘डीटीस्कीमा’ हे पायथनचं पॅकेज पिपने बसवा आणि कर्नलच्या फोल्डरमधून ‘मेक डीटी_बाइंडिंग_चेक’ चालवा. ‘डीटी_स्कीमा_फाइल्स’ला तुमच्या फाइलचं नाव द्या, नाहीतर हजारो फाइली तपासत बसेल आणि तुमचा चहा दोनदा होईल. सगळं निर्धोक आलं की उदाहरण मुद्दाम मोडा. पत्ता ९० करा, एक प्रॉपर्टी गाळा, एकीचं स्पेलिंग बिघडवा. ज्या मोडतोडीला तपासणी गप्प राहते, तिथे तुमचा नियम अजून सैल आहे.

यानंतर ‘मेक डीटीबीएस_चेक’. हा प्रत्यक्ष बोर्डांच्या फाइली नव्या नियमांवर घासून बघतो. इथे धक्के बसतात. दस्तऐवजात प्रॉपर्टीचं एक नाव आणि वीस बोर्डांत दुसरंच, असं निघतं. अशा वेळी कोण बरोबर? बाइंडिंग हा करार असतो. बाजारात गेलेल्या बोर्डांची डीटीबी (कंपाइल केलेली डिव्हाइस ट्री) फाइल कर्नल अद्ययावत झाला तरी जुनीच असू शकते. ड्रायव्हर कुठलं नाव वाचतो ते बघा. तो वीस बोर्डांचंच नाव वाचत असेल तर दस्तऐवजाने मान तुकवावी. नवं, जास्त चांगलं नाव आणायचंच असेल तर जुन्याला ‘डेप्रिकेटेड’ अशी खूण करून ठेवा, पुसू नका.

ड्रायव्हरला दाराबाहेर ठेवा

बाइंडिंगमध्ये ‘ड्रायव्हर’ आणि ‘लिनक्स’ हे शब्द शोधा आणि जिथे सापडतील ती वाक्यं पुन्हा लिहा. तीच माहिती यू-बूट हा बूटलोडर वाचतो, फ्रीबीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम वाचते. झेफर ही छोट्या उपकरणांची ऑपरेटिंग सिस्टिम तर स्वतःच्या वेगळ्या यामल बाइंडिंग ठेवते आणि कंपाइल करतानाच झाडातून सीची हेडर फाइल काढते. धावताना झाड उरतच नाही. ‘ड्रायव्हर दर १०० मिलिसेकंदांनी वाचतो’ हे हार्डवेअरचं वर्णन नाही. ‘एका रूपांतराला चिप जास्तीत जास्त इतका वेळ घेते’ हे आहे. तिथे आकडा डेटाशीटमधून उचला, आठवणीतून नको.

पाठवताना

बाइंडिंगचा पॅच (कर्नलमध्ये घेण्यासाठी पाठवलेला बदल) ड्रायव्हरच्या पॅचपासून वेगळा आणि त्याच्या आधी. विषयाच्या ओळीत सुरुवातीला ‘डीटी-बाइंडिंग्ज’. कुणाला पाठवायचा ते ‘गेट_मेंटेनर’ ही स्क्रिप्ट सांगते. स्पेसिफिकेशनचा मजकूर वेगळ्या ठिकाणी, रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये असतो. तिथली दुरुस्ती कर्नलच्या पॅचमध्ये मिसळू नका.

संदेशात ‘मजकूर स्पष्ट केला’ एवढंच लिहाल तर परीक्षक हमखास विचारेल की अर्थ बदलला की नाही. ते आधीच सांगा: या वाक्याचे हे दोन अर्थ निघत होते, सगळे बोर्ड यातला पहिला पाळतात, म्हणून दुसरा खोडला, कुठल्याही डीटीएसमध्ये बदल लागत नाही. अशा पॅचवर चर्चा लांबत नाही.

आमच्या त्या बोर्डाच्या टिपणात मी शेवटी एकच वाक्य वाढवलं: ‘मॅन्युअलच्या तक्त्यातला क्रमांक ३२ पासून मोजलेला आहे, तो इथे ३२ वजा करून लिहावा, उदा. यूआर्टसाठी ५७ ऐवजी २५.’ पुढच्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या मुलीने एसपीआय या दुसऱ्या बसच्या कंट्रोलरचा नोड लिहिला. एकदा मॅन्युअल बघितलं, एकदा टिपण, कागदाच्या कडेला वजाबाकी केली आणि मला काही न विचारता पुढच्या ओळीवर गेली.